उभं राहता येत नसेल, तरी छातीची तपासणी होते

भेस्तान, पांडेसरा, उधना, डिंडोली, लिंबायत हा सुरतेतला खानदेशी माणसांचा पट्टा. इथल्या कित्येक गल्ल्यांत एखादी ताई भेटते, जिचा पाय लहानपणी पोलिओनं गेला. ती दाराशी बसून साड्यांवर खडे चिकटवते, लेस लावते, भाचरांचा अभ्यास घेते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला आणि मार्च २०१४मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. त्याआधीच्या दशकांत ज्या मुलींना पोलिओ झाला, त्यांतल्या बऱ्याच जणी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. स्तनांच्या कर्करोगाची तपासणी व्हायलाच हवी, असं हे वय. पण या ताईला तपासणीला ने, असं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. हा लेख तिच्यासाठी आहे. जिला दिसत नाही, ऐकू येत नाही, जिचे हातपाय आपोआप आखडतात, जिची समज वयाच्या मानानं मागे राहिली आहे, अशा प्रत्येकीसाठी आणि तिच्या आई-बहिणी-वहिनींसाठीही आहे.

भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनांचाच. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले. २०११च्या जनगणनेत देशातल्या अपंग स्त्रियांची संख्या १ कोटी १८ लाख होती. कर्करोग यातल्या कुणाला वगळत नाही. वगळतो आपण, तपासणीतून.

वगळण्याची कारणं घरात बोलली जातात ती अशी. ‘तिचं लग्नच झालेलं नाही, तिला कशाला ती तपासणी?’ वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्यांना मूल झालं नाही, ज्यांनी अंगावर पाजलं नाही, त्यांना या कर्करोगाचा धोका थोडा जास्तच असतो. अपंगत्वामुळे लग्न राहिलेल्या बाईला म्हणूनच तपासणीची गरज कमी नसते. दुसरं कारण: ‘आधीच तिच्यामागे एवढं आहे, त्यात आणखी कुठे नवं काढायचं?’ हे मायेनंच म्हटलेलं असतं, पण त्याची किंमत ताईला मोजावी लागते. आणि तिसरी गोष्ट दवाखान्यातही घडते. अपंग माणसाच्या अंगात काहीही नवं दिसलं की ते अपंगत्वाच्याच खाती टाकलं जातं. काखेत दुखतं? कुबडी घासत असेल. खांदा भरून आलाय? खुर्ची ढकलून असेल. मुलगी छातीला हात लावू देत नाही, ओरडते? तिचा स्वभावच तसा. यातलं बरंचसं खरंही असतं. पण काखेतली गाठ कुबडीमुळे आहे की आणखी कशामुळे, हे बोटांनी चाचपून आणि सोनोग्राफी करूनच ठरतं, अंदाजानं ठरत नाही.

लवकर शोधण्याचं एक कारण मात्र फारसं कुणी सांगत नाही आणि मला ते सगळ्यांत मोठं वाटतं. जी बाई कुबड्यांवर चालते, व्हीलचेअर हातानं ढकलते, पलंगावरून खुर्चीवर दोन हातांच्या जोरावर सरकते, तिचे हातच तिचे पाय असतात. कर्करोग काखेपर्यंत पसरल्यावर सापडला, तर काखेतल्या बऱ्याच लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. त्यानंतर काहींच्या हाताला कायमची सूज येते, खांदा आखडतो, वजन पेलत नाही. चालत्या-फिरत्या बाईला हे त्रासाचं आहे, पण कुबडीवाल्या बाईचं घरातलं फिरणंच थांबतं. गाठ लहान असताना सापडली, तर बहुतेक वेळा काखेतल्या पहिल्या मोजक्याच ग्रंथी तपासायला काढून भागतं, छातीही वाचवता येण्याची शक्यता वाढते. म्हणून शस्त्रक्रियेचं बोलणं निघालंच, तर सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा: ‘मी या हातावर चालते.’ कोणत्या बाजूचा हात जास्त वापरता, तेही सांगा. फिजिओथेरपिस्टला आधीच भेटून घ्या.

तपासणी म्हणजे नेमकं काय, तेही सांगते. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची छाती प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टरनं हातानं तपासायची आणि दर पाच वर्षांनी पुन्हा पाहायचं, असं ठरलेलं आहे. आशाताई तिशीवरच्या माणसांचा एक फॉर्म भरतात, त्यात छातीतली गाठ, बोंडातून रक्ताचा स्राव असे प्रश्न असतात. तुमच्या घरी आशाताई आली आणि तिनं फक्त सुनेचा आणि सासूचा फॉर्म भरला, तर आतल्या खोलीतल्या ताईचाही भरायला लावा. दारात बोलावून विचारा, लाजू नका. महापालिकेचं अर्बन हेल्थ सेंटर हे पहिलं ठिकाण. तिथे हातानं तपासून काही वाटलं, तर पुढे पाठवतात.

हाताची तपासणी म्हणजे गरिबांसाठीची तडजोड, असं समजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं १९९८पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी छाती हातानं तपासत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांत कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. या तपासणीला ना मोठं यंत्र लागतं, ना उभं राहावं लागतं. पलंगावर पडल्या पडल्या, खुर्चीत बसल्या बसल्या ती होते. जी बाई घराबाहेर पडूच शकत नाही, तिच्यासाठी नर्सला घरी येऊन तपासायची विनंती केंद्रावर करून पाहा.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. अमेरिकेतला २०२४चा सल्ला ४० ते ७४ वयापर्यंत दर दोन वर्षांनी करण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना ५० ते ६९ वर भर देते. आपल्याकडे सरसकट सगळ्यांची मॅमोग्राफी होत नाही, पण चाळिशीनंतर आपल्यासाठी ती कधी आणि किती दिवसांनी करायची, हे डॉक्टरांना विचारावं. आई, सख्खी बहीण, मावशी यांना छातीचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीची वाट पाहू नका. चाळिशीच्या आतल्या बायकांत छाती घट्ट असल्यानं सोनोग्राफीचा उपयोग जास्त होतो. आणि गाठ लागलीच असेल, तर या वयाच्या हिशेबात पडायचंच नाही. मग ती नेहमीची तपासणी राहत नाही, ते तक्रार घेऊन दवाखान्यात जाणं असतं आणि ते त्याच आठवड्यात करायचं.

आता यंत्राबद्दल. छाती दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात, प्रत्येक बाजूच्या साधारण दोन फिल्म काढतात. दाब लागतो, काहींना दुखतं, पण क्षणभरच. बायका उभ्या राहून काढतात म्हणून बसून निघतच नाही, अशी समजूत आहे. बहुतेक यंत्रं वरखाली होतात आणि बसलेल्या बाईची फिल्म काढता येते. अडतं ते खुर्चीच्या हातांपाशी, दाराच्या रुंदीपाशी आणि घाईपाशी. म्हणून जाण्याआधी कुणाला तरी पाठवून किंवा फोन करून हे विचारून घ्या: यंत्र खाली किती येतं? बसून फिल्म काढता का? आत व्हीलचेअर वळते का? मॅमोग्राफी कोणत्या वारी, किती वाजता करतात? करणारी बाई आहे का? शक्यतो दिवसातली पहिली वेळ मागा. गर्दी कमी असते, यंत्र चालवणारीही थकलेली नसते. खुर्चीचे हात निघणारे असतील तर तसं सांगा, नसतील तर हात निघणारी खुर्ची एका दिवसापुरती कुणाकडून मागून आणा. त्या दिवशी काखेत पावडर, स्प्रे, क्रीम काही लावू नका, ते फिल्ममध्ये ठिपक्यांसारखं उमटतं. साडीपेक्षा पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता आणि खाली परकर किंवा सलवार घाला, म्हणजे कमरेखालचं काही काढावं लागत नाही. पाळी येत असेल तर पाळी संपल्यानंतरचा आठवडा निवडा, तेव्हा छाती कमी दुखते.

ज्यांचे स्नायू अचानक आखडतात, त्यांनी स्नायू सैल करणाऱ्या गोळीची वेळ अशी साधावी की तपासणीच्या वेळी तिचा असर असेल. गोळी वाढवायची मात्र नाही. शरीर स्थिर ठेवायला उशा, गुंडाळलेली चादर सोबत न्या. धरायला माणूस लागणार असेल, तर तो शिशाचा एप्रन घालेल, आणि धरणारी गरोदर नसावी. डोक्यातून पोटात पाणी जाण्यासाठी नळी बसवलेली असेल किंवा छातीत पेसमेकर असेल, तर यंत्रावर बसण्याआधी सांगायलाच हवं.

ऐकू न येणाऱ्या बायकांची एक खास अडचण आहे. यंत्र चालवणारी काचेमागे जाऊन ‘हलू नका, श्वास धरा’ असं म्हणते. ते ऐकू येत नाही आणि तोंडावर मास्क असला तर ओठही वाचता येत नाहीत. आधीच ठरवून घ्या: हात वर केला की श्वास धरायचा, खाली केला की सोडायचा. वाचता येत असेल तर दोन-चार वाक्यं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या. खुणांची भाषा जाणणारी मैत्रीण व्हिडिओ कॉलवर राहिली तरी चालतं, फक्त कपडे काढण्याआधी कॅमेरा कुठे वळतोय हे पाहा.

न दिसणाऱ्या बायकांनी अट घालावी, ‘हात लावण्याआधी सांगा.’ यंत्राच्या पट्टीला एकदा हात लावून पाहू द्या म्हणा, मग थंड स्पर्शानं दचकायला होत नाही. फॉर्म गुजरातीत असतो. अंगठा उठवण्याआधी तो पूर्ण वाचून दाखवायला सांगावं. इथे मला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. जर्मनीतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. फ्रँक हॉफमन यांनी अंध स्त्रियांना छाती तपासण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. ब्रेलच्या खुणा असलेल्या पट्ट्या अंगावर चिकटवून इंच-इंच चाचपायची ही पद्धत. दिल्लीत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या अंध स्त्रियांच्या केंद्रानं ती भारतात आणली आणि इथल्या अंध मुलीही आता हे काम करतात. ज्यांना आपण तपासणीला न्यायचं विसरतो, त्यांच्यातल्याच काही जणी दुसऱ्यांची छाती तपासून पोट भरतात.

समज कमी असलेल्या मुलींच्या, बायकांच्या बाबतीत घाई सगळं बिघडवते. एकदम यंत्रापुढे नेलं की ती घाबरते, पुन्हा त्या दारातही येत नाही. आधी घरात दाखवा: दोन पुठ्ठ्यांमध्ये उशी दाबून, मग स्वतःच्या अंगावर करून. एक दिवस नुसतं हॉस्पिटल पाहून या. कुणी हात लावलेला चालतो आणि कुणी लावलेला नाही, हे तिला याच निमित्तानं शिकवा. आणि तिला विचारा. प्रौढ बाईच्या अंगाचा निर्णय तिचा असतो, तो समजेल अशा भाषेत तिच्यापुढे ठेवणं हे घरच्यांचं आणि डॉक्टरांचं काम. मानसिक आजाराच्या काही औषधांनी दोन्ही बोंडांतून दुधासारखा स्राव येतो. तो दिसला तर गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. एकाच बाजूनं, आपोआप, रक्ताळ स्राव आला तर मात्र उशीर नको.

घरी काय पाहायचं? शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर मोठा अभ्यास झाला होता. त्यांतल्या अर्ध्या जणींना महिन्याच्या महिन्याला स्वतःची छाती तपासायला शिकवलं. २००२मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्यानं मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून घरची तपासणी केली की दवाखान्याची गरज नाही, असं समजायचं नाही. पण आपली छाती नेहमी कशी असते हे माहीत असेल, तर बदल लगेच कळतो. आंघोळीत साबणाच्या हातानं, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गळपट्टीच्या हाडापासून छातीच्या खालच्या रेषेपर्यंत आणि काखेत चाचपा. हात वर जात नसेल तर आडवं पडून. बोटांत जोर नसेल तर आरशात नुसतं पाहणंही उपयोगाचं. पाळी गेलेल्यांनी एक दिवस धरून ठेवावा, संकष्टी म्हणा किंवा पगाराची तारीख. ज्यांना दुसरं कुणी आंघोळ घालतं, त्यांची आई किंवा बहीण सगळ्यांत आधी बदल पाहते. तिनं विचारून, सांगून पाहावं. न दुखणारी टणक गाठ, कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं, आत ओढलेलं बोंड, बोंडावर न भरणारं खाज-खपलीचं व्रण, एका बाजूच्या आकारात अचानक फरक, काखेत गाठ: यातलं काहीही दिसलं तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, कारण सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही खरं आणि तेही दाखवल्यावरच कळतं.

भेस्तानहून जवळची मोठी सरकारी ठिकाणं दोन: मजुरा गेटचं न्यू सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर. तिथे छातीची गाठ सर्जरीच्या ओपीडीत दाखवतात, स्त्रीरोग विभागात रांग लावून वेळ घालवू नका. गुजरातभरातले पेशंट अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जातात, आपली बरीच माणसं परळच्या टाटाला. पहिली तपासणी, सोनोग्राफी, सुईची तपासणी इथेच करून मग लांबचा प्रवास ठरवा. अपंग माणसाला घेऊन रेल्वेचे हेलपाटे कमी झाले तर बरंच.

हक्काचं बोला. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या २५व्या कलमात सरकारी आणि खासगी दोन्ही हॉस्पिटलांत अडथळ्याविना वावर आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य सांगितलं आहे. म्हणजे खिडकीवर कार्ड दाखवून ‘मला आधी घ्या’ म्हणणं ही विनवणी नाही. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड धुळे-जळगावात काढलेलं असलं तरी गुजरातेत चालतं. आयुष्मान कार्डाचंही तसंच, महाराष्ट्रातलं कार्ड इथल्या योजनेतल्या हॉस्पिटलांत वापरता येतं. चौकशीचा नंबर १४५५५. गुजरातेत काढलेल्या कार्डावर २०२३पासून वर्षाला कुटुंबामागे १० लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फक्त हे लक्षात ठेवा की हे कार्ड मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. नुसत्या तपासणीच्या मॅमोग्राफीचा खर्च त्यातून निघेल असं धरू नका, ती सरकारी हॉस्पिटलातच करा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ विमा आहे, १ लाखापर्यंतचा, आणि तो काढताना आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत.

कधी कधी सगळं करूनही ऐकावं लागतं, ‘यांची मॅमोग्राफी होणार नाही.’ एखाद्या वेळी ते खरंच शक्य नसतं. तेव्हा घरी परत येऊ नका. तिथेच विचारा, ‘मग दुसरं काय करता?’ हाताची नीट तपासणी आणि सोनोग्राफी ही मॅमोग्राफीची पूर्ण जागा घेत नाहीत, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगली. फिल्म का काढता आली नाही आणि त्याऐवजी काय केलं, हे केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरला ते लागतं आणि जबाबदारीही ठरते.

गाठ संशयाची वाटली तर सुईनं तुकडा काढतात. ‘सुई लावली की पसरतो’ हे आपल्याकडे फार बोललं जातं. सुईनं कर्करोग पसरतो म्हणून तपासणी टाळायचं काहीही कारण नाही. रोग कोणता, औषध कोणतं, हे त्या तुकड्यावरून ठरतं आणि त्याशिवाय कुणी शहाणा डॉक्टर उपचार सुरू करत नाही. सुई लावताना किती वेळ कुशीवर पडावं लागेल, ते आधी विचारा. पाठीत वाक असेल, अंगावर जखमा होत असतील, तर मऊ गादी मागा आणि मध्ये कूस बदलू द्यायला सांगा.

सगळं ठीक निघालं, तर फिल्म आणि रिपोर्ट घरी एका पिशवीत ठेवा, यूडीआयडीच्या झेरॉक्ससकट. पुढच्या वेळी जुनी फिल्म शेजारी धरूनच नवी वाचतात. पिशवीवर पुढच्या तपासणीचा महिना मोठ्या अक्षरात लिहा आणि आशाताईलाही तो सांगून ठेवा.